मार्शमॅलो टेस्ट: खाऊसाठी थांबणारं मूलच पुढे यशस्वी होतं का?

लहान मुलासमोर चॉकलेट ठेवायचं, 'मी येईपर्यंत खायचं नाही' असं सांगायचं आणि कॅमेरा चालू ठेवायचा. असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. थांबणारं मूल आयुष्यात यशस्वी होतं, असा दावाही त्यासोबत केला जातो. तो आला कुठून आणि त्यात तथ्य किती?

मूळ प्रयोग काय होता?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत हा प्रयोग सुरू केला. मुलांसमोर मार्शमॅलोसारखा गोड खाऊ असायचा. लगेच खाल्लं तर एक, थांबलं तर दोन. ही मुलं मोठी झाल्यावर, १९९०मध्ये एक शोधनिबंध आला. जास्त वेळ थांबलेल्या मुलांना कॉलेज प्रवेशाच्या सॅट परीक्षेत जास्त गुण मिळाल्याचं त्यात दिसलं.

किती मुलांवरून निष्कर्ष?

प्रयोगात सहाशेहून जास्त मुलं होती, पण सॅटचे गुण मिळाले फक्त ९४ जणांचे. हा संबंध ठळक दिसला तो तर त्यातल्या अवघ्या ३५ जणांमध्ये. शिवाय बरीच मुलं विद्यापीठाशी संबंधित घरांतली. अभ्यासासाठी घेतलेल्या अशा गटाला सॅम्पल म्हणतात. सॅम्पल लहान असलं की दोन-चार मुलांमुळेही आकडा बदलतो. संशोधकांनी स्वतःही निबंधात याबद्दल सावध केलं होतं.

संबंध म्हणजे कारण नव्हे

दोन गोष्टी सोबत कमी-जास्त होतात, त्याला सहसंबंध म्हणतात. पण एकीमुळे दुसरी घडते, हे त्यातून सिद्ध होत नाही. २०१८मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९१८ मुलांची माहिती तपासली. संबंध सापडला, पण आधीच्या तुलनेत निम्माच. घरची परिस्थिती आणि मुलाची सुरुवातीची बौद्धिक क्षमता हिशेबात धरल्यावर तोही दोन तृतीयांशाने घटला. म्हणजे 'संयमाचं फळ' वाटत होतं, त्यातला मोठा वाटा याच गोष्टींशी जोडलेला होता.

मग कारण कसं शोधतात?

त्यासाठी मुलांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कुठलीही निवड न करता पाडतात. रॉचेस्टर विद्यापीठात २८ मुलांवर असा प्रयोग झाला, त्याचा शोधनिबंध २०१३मध्ये आला. चित्रकलेचं छान साहित्य आणून देण्याचा शब्द एका गटाला दिला आणि पाळला, दुसऱ्या गटाला दिला आणि मोडला. नंतरच्या मार्शमॅलो टेस्टमध्ये पहिला गट सरासरी १२ मिनिटं थांबला, दुसरा फक्त ३ मिनिटं. हे सॅम्पलही छोटंच, पण फरक मोठा होता. समोरच्या माणसावर भरवसा नसेल, तर मूल थांबेल कशाला?

रील पाहताना काय विचाराल?

- अभ्यास किती आणि कोणत्या मुलांवर झाला?
- दाखवलंय ते कारण आहे की नुसता सहसंबंध?
- दुसऱ्या संशोधकांनाही तेच सापडलं का?

घरी केलेल्या टेस्टमध्ये तर सॅम्पल एकाच मुलाचं असतं. तेवढ्यावरून त्याच्यावर 'हट्टी' किंवा 'अधीर' असा शिक्का मारू नका.