संभाव्यता: चिठ्ठी, सरकी आणि बारा आणे

मूल्य ० ते १. ० म्हणजे अशक्य, १ म्हणजे निश्चित.

सैद्धांतिक: अनुकूल शक्यता भागिले एकूण शक्यता; सर्व शक्यता समसमान हव्यात. वर्धा जिल्ह्यात तालुके ८. तालुक्यांच्या नावांच्या आठ सारख्या चिठ्ठ्यांतून आर्वी, आष्टी किंवा कारंजा निघण्याची संभाव्यता ३/८. न निघण्याची ५/८.

लागोपाठ काढलेल्या दोन्ही चिठ्ठ्या या तीन तालुक्यांच्याच? पहिली परत टाकली तर ३/८ × ३/८ = ९/६४. बाजूला ठेवली तर ३/८ × २/७ = ३/२८. (घोळ बहुधा इथेच होतो.)

प्रायोगिक: प्रत्यक्ष मोजणीतून. सरकीच्या १०० दाण्यांपैकी ७८ उगवले, तर ०.७८. दाणे जितके जास्त, तितका आकडा भरवशाचा.

व्यक्तिनिष्ठ: अनुभवावरून. ‘पाऊस बारा आणे नक्की’ म्हणजे सोळा आण्यांपैकी बारा, १२/१६, अर्थात ०.७५.

तिन्ही प्रकारांना लागू पडणारे मूळ नियम गणितज्ञ कोल्मोगोरोव यांनी १९३३ मध्ये मांडले.