ऊतींची साक्ष – लेखांक पाचवा : दुर्मीळ गाठ आणि सोबतची चिठ्ठी

गेल्या लेखांकातील गर्भाशयमुखाचा कर्करोग पॅथॉलॉजिस्टच्या नित्य परिचयाचा. परंतु अंडाशयाच्या काही गाठी अशा आहेत की जिल्हा रुग्णालयाच्या दप्तरी त्यांची नोंद वर्षानुवर्षे होत नाही, आणि जेव्हा होते तेव्हा तिची अचूकता सूक्ष्मदर्शकाइतकीच, गाठ ज्या बरणीतून व ज्या चिठ्ठीसह आली तिच्यावर अवलंबून असते.

डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांच्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये जी हकीगत मांडली, तीत ९२ टक्के स्त्रियांस काही ना काही स्त्रीरोग आढळला, आणि पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के निघाल्या. तो गाठींचा शोध नव्हता. तथापि जेथे तपासणीच इतकी विरळ, तेथे गाठही उशिरा व मोठी होऊनच हाती यावी, हे ओघानेच आले.

पाळी जाऊन दहा वर्षे झालेल्या स्त्रीस पुन्हा अंगावरून जाऊ लागले आणि ओटीपोटात गाठ लागली, असे समजा. ही ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ असू शकते. ती स्वतःच इस्ट्रोजेन स्रवते व गर्भाशयाचे अस्तर वाढविते. काचपट्टीवर तिच्या केंद्रकांना कॉफीच्या बीसारखी उभी खाच दिसते, इनहिबिनची रंगक्रिया तिला दुजोरा देते, आणि प्रौढ प्रकारातील बहुतेक गाठींत २००९ साली उघडकीस आलेला ‘फॉक्सएल-२’ जनुकातील एक ठराविक बदल सापडतो. मात्र चिठ्ठीवर ‘अंडाशयाची गाठ’ एवढाच मजकूर असेल, तर हिलाच अन्य कर्करोग समजण्याचा धोका राहतो. म्हणून वय, पाळीची स्थिती, रक्तस्रावाची मुदत, गाठ एका बाजूस की दोन्ही, आणि जठरात पूर्वी काही आढळले होते काय, हा तपशील आवश्यक. कारण १८९६ साली क्रुकेनबर्गने अंडाशयाची मूळ गाठ म्हणून वर्णिलेला विकार बहुधा जठरातून आलेला असतो, हे पुढे सिद्ध झाले.

बरणीचेही तसेच. ऊतीच्या दसपट फॉर्मलीन हवे, बरणीचे तोंड रुंद हवे, आणि मोठी गाठ चिरूनच त्यात बुडवावी. एरवी चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तिचा गाभा सडतो. गर्भाशयाची साधी फायब्रॉइड आणि दुर्मीळ लायोमायोसार्कोमा यांतील निवाडा ज्या लक्षणांवर होतो, त्यांत विभाजन पावणाऱ्या पेशींची मोजदाद महत्त्वाची. आणि फॉर्मलीन उशिरा मिळालेल्या ऊतीत त्याच पेशी ओळखू येईनाशा होतात.

नीट राखलेल्या ऊतीचा मेणाचा ठोकळा मात्र वर्षानुवर्षे टिकतो. ग्रॅन्युलोसाची गाठ वीस वर्षांनीही उलटू शकते, तेव्हा जुन्या ठोकळ्याशी पडताळा घेता येतो. आणि स्थानिक निदान संशयास्पद राहिल्यास तोच ठोकळा, डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९४१पासून घडविलेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी फेरतपासास धाडता येतो. सिरोंच्याच्या रुग्णेस केवळ दुसऱ्या मतासाठी तेवढा प्रवास करावा लागू नये, याची तजवीज पहिल्या शस्त्रक्रियेच्या दिवशीच करावयाची असते.

(क्रमशः)