मे महिन्यातलं अंगण

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात घरापुढच्या अंगणाला किंवा सोसायटीच्या आवाराला काँक्रीट करून घेण्याचा हंगाम जणू ठरूनच गेला आहे, तो म्हणजे एप्रिल आणि मे. कारण सगळ्यांना पटण्याजोगं आहे. जूनमध्ये पाऊस लागला की भाताच्या खाचरांवर उभ्या राहिलेल्या या वस्त्यांमध्ये पायाला चिकटणारा राडा होतो, आणि तो होण्याआधी काम उरकून टाकावं असं कोणालाही वाटेल. काम उरकतंही. मग एखाद-दोन पावसाळे जातात, मधोमध एक तिरपी चीर दिसू लागते, इमारतीच्या जोत्यापासून काँक्रीट सुटतं, एखादा कोपरा उचलला जातो आणि पाणी नेमकं जिन्याच्या पायरीशी साचतं. मिस्त्रीने सिमेंट कमी घातलं, खडी बारीक वापरली, सळई घातलीच नाही, असे आरोप सुरू होतात. त्यातले काही खरेही असतील. पण यातल्या बऱ्याच चिरांचं मूळ मालात नसून मुहूर्तात आहे. चिकणमातीवर काँक्रीटचा पातळ थर घालण्यासाठी वर्षातला सगळ्यात वाईट महिना निवडायचा झाला, तर तो मे ठरेल.

आधी माती. उल्हास नदीचं खोरं हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने घडलेल्या बेसॉल्टचं. हा काळा कातळ झिजला की त्याची माती कोणती होणार, हे पाण्याच्या निचऱ्यावर ठरतं. माथेरानच्या पठारासारख्या उंच जागी, जिथे पाऊस सगळं धुऊन नेतो, तिथे तांबडा जांभा तयार होतो. सखल भागात, जिथे पाणी रेंगाळतं, तिथे मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज बाळगणारी माती तयार होते. या खनिजाचे कण दोन मायक्रॉनहूनही बारीक, आणि प्रत्येक कण वहीच्या पानांसारखा पदरापदरांचा. पाणी या पदरांच्या आत शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतं. पाणी गेलं की पदर पुन्हा मिटतात. मे महिन्यात मोकळ्या शेतात पडलेल्या भेगा म्हणजे हेच मिटणं. ‘काळी कापसाची जमीन देशावर आणि विदर्भात, कोकणात तिचं काय?’ हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. इथे मातीचा थर पुष्कळ ठिकाणी उथळ असतो, खाली लवकर मुरूम लागतो आणि फुगण्याचं प्रमाण जागेगणिक बदलतं. पण कातळ दोन्हीकडचा एकच आहे, आणि अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत झेलून उरलेले आठ महिने कोरडी राहणारी जमीन किती हलत असेल, याचा अंदाज घेतल्याशिवाय तिच्यावर पैसे ओतणं शहाणपणाचं नाही.

हा अंदाज घेणं फार सोपं आहे. भारतीय मानक २७२०च्या चाळिसाव्या भागात त्याची कृती दिली आहे. माती वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीने चाळायची आणि १०-१० ग्रॅमचे दोन भाग काचेच्या दोन मोजनळ्यांत घालायचे. एका नळीत पाणी भरायचं आणि दुसरीत रॉकेल. ढवळून बुडबुडे घालवायचे आणि २४ तास हात लावायचा नाही. रॉकेल मातीच्या पदरांत शिरू शकत नाही, म्हणून त्या नळीतली माती आहे तेवढीच राहते. पाण्याच्या नळीतली फुगून वर चढते. दोन्हींतला फरक टक्क्यांत काढला की मातीचा स्वभाव कळतो. ५० टक्क्यांच्या आत असेल तर फार चिंता नको, १००च्या पुढे गेला तर सावध व्हावं. आवाराच्या कामाला लाखभर रुपये खर्च करणारी सोसायटी ही चाचणी क्वचितच करून घेते, आणि सळई आठची घालायची की दहाची यावर मात्र तासभर वाद घालते.

सळई आणि जाडी यांच्यावरचा भरवसा किती पोकळ आहे, हे साध्या हिशेबाने दिसतं. चार इंच, म्हणजे १०० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटचं वजन एका चौरस मीटरला पाव टनाच्या आसपास भरतं. चांगली फुगणारी काळी माती कोंडली गेली की वर जो दाब देते, तो चौरस मीटरला ५ टन किंवा त्याहूनही कितीतरी जास्त असू शकतो. थर आठ इंचांचा केला तर वजन अर्धा टन होईल, खर्च दुप्पट होईल आणि माती तरीही उचलेल. चार मजली इमारत मात्र जागची हलत नाही, कारण तिच्या पायाखाली दाब मोठा असतो आणि पाया बहुधा मुरमात किंवा कातळात गेलेला असतो. म्हणून एकाच जमिनीवर शेजारी शेजारी असूनही इमारत स्थिर राहते आणि अंगण वर-खाली होतं. जोत्याला घट्ट चिकटवून काँक्रीट घातलं की चीर तिथेच पडणार. त्या दोघांमध्ये फोमची किंवा थर्माकोलची पट्टी सोडायला काहीच खर्च येत नाही.

जाडी वाढवायची नाही तर मग करायचं काय, याचं उत्तर याच प्रदेशात, पवईच्या आयआयटीत शोधलं गेलं. प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १९७०च्या दशकाअखेर त्यांचे निष्कर्ष देशातल्या भू-तंत्रज्ञांपुढे मांडले. फुगण्याचा खेळ मुख्यतः वरच्या मीटरभर थरात चालतो, आणि त्या थरावर चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा थर दिला तर खालचं फुगणं निव्वळ वजनाच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त आवरतं, असं त्यांना आढळलं. कालव्यांच्या अस्तरीकरणात ही पद्धत वापरली गेली, कर्नाटकातल्या मलप्रभा प्रकल्पाचं उदाहरण त्यात नेहमी दिलं जातं. आपल्याकडचा चांगला मुरूम हीच कामगिरी करू शकतो. अंगणासाठी मीटरभर मुरूम कोणी भरणार नाही आणि भरावा असं सांगणंही अव्यवहार्य आहे. पण वरची काळी माती फूट-दीड फूट काढून तिथे मुरूम भरला, थोडं पाणी मारून थराथराने दाबला, तर फरक नक्की पडतो. उलट कोबा करण्याआधी रेती अंथरण्याची जी सवय आहे ती इथे घातक ठरते. रेतीत चिकटपणा नसतो आणि तिच्या पोकळ्यांत पाणी मात्र भरपूर मावतं. म्हणजे अंगणाखाली आपणच टाकी बांधून ठेवतो आणि ती मातीला सावकाश पाणी पाजत राहते.

आता मे महिन्याकडे वळू. या महिन्यात माती वर्षभरातली सगळ्यात कोरडी, म्हणजे सगळ्यात आकसलेली असते. तिच्यावर काँक्रीट घातलं की वरून बाष्पीभवन थांबतं. जूनमध्ये कडांनी पाणी आत शिरतं, कडा फुगतात, मधला भाग अजून कोरडाच असतो, आणि थराला बशीसारखा बाक येतो. पुढे दोन-तीन वर्षांत ओल हळूहळू मध्यापर्यंत पोचते आणि तिथून परत जात नाही, कारण वर झाकण आहे. मग मध्य उचलला जातो. म्हणजे मातीने जो काही फुगण्याचा प्रवास करायचा आहे, तो सगळाच्या सगळा काँक्रीट घातल्यानंतर होतो. नोव्हेंबरमध्ये हीच माती बरीचशी फुगलेली, तरी रोलर पेलण्याइतकी घट्ट असते. पुढे हलायला तिच्याकडे फार वाव उरलेला नसतो.

उन्हाचा हिशेब वेगळा, पण निकाल तोच. समुद्राच्या वाऱ्यापासून दूर असल्याने बदलापूरकडे पारा चाळिशीपार जातो हे सांगायला नको. काळ्या कातळाची खडी उन्हात तापते, काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणीही तापतं, आणि घातलं जाताना काँक्रीटचं तापमान ४० अंशांवर नसावं हा मानकाचा दंडक भर उन्हात सहज मोडला जातो. तापलेला माल लवकर आळतो. गुरमाळा फिरत नाही म्हणून बिगारी घमेलंभर पाणी वरून मारतो, आणि ताकद तिथेच जाते. पृष्ठभागावरून तासाला चौरस मीटरमागे लिटरभर पाणी उडू लागलं की ओल्या काँक्रीटलाच केसासारख्या चिरा पडतात. याहून कमी दिसणारा धोका असा, की काँक्रीट ज्या तापमानाला घट्ट होतं ती त्याची पूर्ण लांबी ठरते. ४५ अंशांना घट्ट झालेला १० मीटरचा सलग पट्टा पौषातल्या १५ अंशांच्या पहाटे ३ मिलिमीटरने आखडू पाहतो. वाळून होणारं आकुंचन साधारण तितकंच. आणि न फुटता ताण सोसण्याची त्याची ऐपत जेमतेम १ मिलिमीटरची. २८ अंशांना घातलं असतं तर थंडीचा वाटा निम्म्याहून खाली आला असता. वाळण्याचा वाटा मात्र कुठल्याही ऋतूत चुकत नाही, म्हणून चार इंची थराला दर अडीच-तीन मीटरवर, जाडीच्या पाव भाग खोल सांधे कापावेच लागतात. यावर अंबरनाथच्या शिवमंदिराचा दाखला हमखास येतो. शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख असलेलं ते देऊळ वालधुनीच्या काठी अजून उभं आहे, मग आजचंच बांधकाम का टिकत नाही? ते काळ्या दगडाच्या असंख्य तुकड्यांचं आहे, आणि प्रत्येक सांधा थोडी थोडी हालचाल पोटात घेतो. दहा मीटरची सलग शिळा त्यात कुठेही नाही. त्याहून जास्त अर्थ त्यातून काढू नये, कारण त्या काळची जी बांधकामं पडली ती आपल्याला दिसत नाहीत.

व्यवहारातला खरा आक्षेप चिखलाचा आहे. दिवाळीनंतर काँक्रीट करायचं तर पावसाळा राड्यातून काढायचा का? नाही. मे महिन्यात काम सुरू करावं, पण अर्धंच. माती काढावी, मुरूम भरून दाबावा, त्याला पन्नासास एक असा उतार द्यावा आणि उताराच्या शेवटी पाण्याला वाट ठेवावी. ही वाट नसेल तर चिकणमातीत खणलेला खड्डा हौद होतो. दाबलेल्या मुरमावरून चार महिने चालता येतं, दुचाकी जाते. भरावाला एक पावसाळा खाऊ द्यावा, ही जुन्या गवंड्यांची रीत जोत्याच्या भरावासाठी होती. अंगणाला ती दुप्पट लागू आहे, कारण मुरूम बसतो आणि खालची माती फुगायची तेवढी फुगून घेते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जिथे खचलं तिथे भर घालून काँक्रीट करावं. क्युरिंगचाही प्रश्न सुटतो. बाजारात मिळणारं सिमेंट बहुतेक फ्लाय ॲश मिसळलेलं असतं, त्याला किमान १० दिवस ओल हवी, कोरड्या हवेत १४. ऐन उन्हाळ्यात पाणीकपात चालू असताना टँकरच्या पाण्याने आळी भरून ठेवायला कोणाचा जीव होत नाही, आणि गोणपाट तिसऱ्या दिवशी वाळून कडक झालेलं असतं.

हिवाळ्यात घातलेलं अंगण पुढच्या उन्हाळ्यात कडांनी खचेल, ही शंका रास्त आहे. मध्यावरची ओल टिकते, कडेची माती मात्र वाळते. म्हणून मुरमाचा थर काँक्रीटच्या पुढे दोन-तीन फूट जाऊ द्यावा, कडेला रोज पाणी घालावी लागणारी कुंपणाची झाडं लावू नयेत, आणि गच्चीवरून येणारे पाइप काँक्रीटच्या काठावर सोडू नयेत, गटारापर्यंत न्यावेत. शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात कमी वेळा केलेली दिसते. उल्हासनगरसारख्या ठिकाणी, जिथे १९४९ साली नाव मिळालेली जुनी लष्करी छावणी आता भिंतीला भिंत लागेपर्यंत भरली आहे, तिथे कडेला दोन फूट सोडायचे कुठून, हेही खरं. तिथे पेव्हर ब्लॉक बरे. ते हलले तर काढून पुन्हा बसवता येतात. पण त्यांच्या फटींतून पाणी खाली जातं, म्हणून मुरूम आणि उतार यांतून त्यांचीही सुटका नाही.

ज्यांचं अंगण आधीच मे महिन्यात होऊन फुटलं आहे, त्यांनी चीर सिमेंटच्या रबडीने बुजवू नये, ती पुढच्या पावसात शेजारीच पुन्हा उघडते. जिथे चीर पडली तिथे थराला सांधा हवा होता, तेव्हा तिला सांधाच मानावं. ग्राइंडरने सरळ खाच मारून धूळ काढावी आणि पॉलिसल्फाइडसारखं ताणलं जाणारं सीलंट भरावं. हे काम पावसाआधी, खाच पूर्ण कोरडी असताना करायचं. ओल्या काँक्रीटला ते धरत नाही.