डबेवाला रजेवर, डबा वेळेवर

मुंबईतला एखादा डबेवाला गावी गेला, तरी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीला डबा हजर असतो. कसा?

घरापासून टेबलापर्यंत एकच माणूस डबा नेत नाही. एक जण घरोघरून गोळा करतो, स्टेशनावर वाटणी होते, लोकलने दुसरा नेतो, उतरल्यावर तिसरा पोचवतो. रिले शर्यतीतल्या बॅटनसारखं. झाकणावर रंगवलेल्या खुणेत उतरायचं स्टेशन, इमारत, मजला असं सगळं असतं. त्यामुळे पुढच्या टप्प्यांवर बदली माणूस चालतो. खूण वाचता आली की झालं.

खरी गोम पहिल्या टप्प्यात आहे. झाकणावर घरचा पूर्ण पत्ता नसतो. कुठल्या चाळीत, कुठल्या दारी, किती वाजता डबा भरून तयार असतो, हे गोळा करणाऱ्याच्या डोक्यात. म्हणून वीस-पंचवीस जणांच्या गटात ही घरं ठाऊक असलेली काही जादा माणसं ठेवतात. शिवाय अडीनडीला गटाचा मुकादम असतोच. हिशेबनीस जादा माणसांना उधळपट्टी म्हणेल. मला तोच सगळ्यात शहाणा खर्च वाटतो.

एक सुट्टी मात्र या व्यवस्थेलाही झेपत नाही. चैत्राच्या सुमाराला मावळ, मुळशी, खेडकडच्या गावजत्रा लागल्या की मूळचे तिकडचेच असलेले डबेवाले सगळेच एकदम गावी निघतात. बदली द्यायला उरणार कोण? मग गिऱ्हाइकांना आधी कळवून काही दिवस सेवाच बंद ठेवतात.