कोई तळ्याचा पंप बदलण्याआधी

कोई माशांच्या तळ्यातलं पाणी गढूळ झालं की पहिला विचार मोठ्या पंपाचा येतो. पण पंप पाणी फक्त फिरवतो. माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया संपवतात ते फिल्टरमधल्या स्पंजला चिकटलेले जिवाणू. ते त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक असं नायट्रेट करतात. म्हणून खर्च आधी फिल्टरवर करावा. पाणी तर नितळ दिसतंय, असं कुणी म्हणेल. पण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, तो चाचणीतच कळतो. पंपाच्या खोक्यावरचा प्रवाहाचा आकडाही सहसा शून्य उंचीचा असतो. पाणी जितकं वर चढवाल, तितका प्रवाह घटतो. नवा फिल्टर बसवल्यावर जुना लगेच काढू नये. जिवाणूंची नवी वस्ती जमायला काही आठवडे लागतात.