रांजण, टाकी आणि पावलं

गोराईत राहणाऱ्याला वाटेचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. बोरिवलीला जायचं तर खाडीची फेरी धरायची, नाहीतर उत्तन-भाईंदरचा लांबलचक वळसा घ्यायचा. त्या दिवशी पहाटेच्या फेरीने निघालो, कल्याणला जुन्नरची एसटी पकडली आणि वैशाखरे मागे पडल्यावर नाणेघाटाच्या पायथ्याशी उतरलो.

वर जाणारी जुनी वाट बघून दूरची एक वाट आठवली. जपानमध्ये एदो ते क्योतो जाणाऱ्या नाकासेंदो या जुन्या हमरस्त्यावर 69 मुक्कामाची गावं होती. त्सुमागो त्यातलं बेचाळिसावं. रेल्वे दुसरीकडून गेली आणि गाव ओस पडू लागलं. 1968 पासून तिथली जुनी घरं पूर्ववत केली गेली. गावकऱ्यांनी नियमही ठरवला: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. आमच्या सह्याद्रीतल्या या मुक्कामाला घरं नाहीत. जे काही आहे ते कातळात आहे, म्हणूनच राहिलं.

सातवाहनांच्या काळात जुन्नरकडचा माल या घाटाने कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरायचा. सोपारा म्हणजे आमच्या उत्तरेला, वसईच्या खाडीपलीकडे. चढताना पायाखाली दगडी पायऱ्या लागतात, पावलांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. वाटेत पाण्याची कोरीव टाकी आहेत. दमलेल्या माणसाला आधी पाणी लागतं, हे ज्याने टाकी खोदवली त्याला नेमकं ठाऊक होतं.

घाटमाथ्याच्या थोडं खाली लेणं आहे. आत सावलीत टेकलो आणि घाम निवेपर्यंत हललो नाही. भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ किती केले, गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी किती दान दिली, याची यादी त्यात आहे. हे आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांपैकी आहेत. दान करणाऱ्याने हिशेब वाटसरूंच्या डोळ्यांसमोर ठेवला, हे मला फार आवडलं. 1828 साली कर्नल साइक्स इथे आला आणि या लेखाची बातमी अभ्यासकांपर्यंत पोचली.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी अशी नावं वर कोरलेली दिसतात. पुतळे गेले, खाली उरली आहेत ती पावलं. चालून येणाऱ्यांच्या या लेण्यात मी त्या पावलांकडेच बराच वेळ बघत राहिलो.

पुढे अरुंद नाळ चढून माथ्यावर आलं की मोठा दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी यात टाकत, असं सांगतात. शेजारी नानाचा अंगठा हा कडा, समोर जीवधन किल्ला. बोरघाटात 1830 साली गाडीरस्ता झाला, 1863 साली रेल्वे पुण्याकडे चढली, आणि बैलांच्या तांड्यांना ही चढण चढायचं कारण हळूहळू उरलं नाही. आता पावसाळ्यात गिर्यारोहकांची रीघ लागते. लेण्याच्या भिंतीवर कोणी आपलं नाव खरडलेलं दिसलं की जीव तुटतो.

अंधार पडायच्या आत उतरलो. शेवटच्या फेरीत बसताना तिकिटाचे सुटे पैसे हातावर मोजले आणि तो रांजण आठवला.