प्रतिकृती रेल्वे : खोलीत मावणारा घाट आणि त्यामागचे गणित

खऱ्या रेल्वेची प्रमाणबद्ध प्रतिकृती उभारून ती वेळापत्रकाप्रमाणे चालविणे हा जगातील अनेक देशांत रुजलेला छंद आहे. पाहणाऱ्यास तो मुलांचा खेळ वाटतो. तथापि त्यात सुतारकाम, विद्युतशास्त्र, भूगोल आणि रेल्वेचे वाहतूकशास्त्र एकत्र येते. उपलब्ध जागा नेहमीच अपुरी असल्यामुळे कशाचा त्याग करावयाचा आणि काय जपावयाचे, हा या छंदातील खरा प्रश्न असतो.

जर्मनीतील मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत रूळ जोडून वाढविता येणारी खेळण्यातील रेल्वे मांडली. ठरावीक मापाच्या रुळांची प्रथा तेथून दृढ झाली. आज सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण 'एचओ' या नावाने ओळखले जाते. यात प्रत्येक वस्तू मूळच्या ८७ व्या हिश्शाएवढी असते आणि दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. युरोप व अमेरिकेतील १,४३५ मिलिमीटरच्या मार्गाशी हे माप तंतोतंत जुळते.

भारतीय छांदिष्टाची पहिली अडचण येथेच सुरू होते. आपल्या ब्रॉडगेज मार्गाची रुंदी १,६७६ मिलिमीटर असल्याने याच प्रमाणात ती सुमारे १९.३ मिलिमीटर भरते. बाजारात तयार मिळणारे एचओ रूळ, सांधे आणि चाके मात्र १६.५ मिलिमीटरचीच असतात. त्यामुळे एक तर सर्व रूळ हाताने तयार करावे लागतात, नाहीतर भारतीय इंजिनाचा व डब्यांचा सांगाडा अरुंद रुळांवर चढवावा लागतो. बहुतेक जण दुसरा मार्ग पत्करतात. अवघ्या २.८ मिलिमीटरची ही तडजोड जाणकारांच्या नजरेस मात्र लगेच खटकते.

दुसरी अडचण लांबीची आहे. मुंबई ते पुणे हे १९२ किलोमीटरचे अंतर एचओ प्रमाणात जसेच्या तसे मांडल्यास सुमारे २.२ किलोमीटर होईल. जुन्या निळ्या बनावटीच्या २४ डब्यांची गाडीच सहा मीटरपेक्षा लांब होते. ब्रॉडगेजवरील सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत दोन मीटर असते. गाडी फिरवून परत आणण्यास त्यासाठी चार मीटर रुंदीची जागा हवी. घरगुती मांडणीत ही त्रिज्या बहुधा अर्ध्या मीटरच्या आसपास ठेवावी लागते. म्हणून सात-आठ डब्यांची गाडी, दोन-तीन फलाट आणि ओळख पटविणारी मोजकी स्थळे घेऊन बाकीचा प्रदेश वगळला जातो.

चढाचे गणित मात्र आकार बदलला तरी बदलत नाही. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर ३७ मीटर अंतरात एक मीटर चढ आहे. प्रतिकृतीत एक रूळ दुसऱ्यावरून न्यावयाचा असल्यास सुमारे ८० मिलिमीटर उंची लागते. बोरघाटाच्याच चढाने ती गाठण्यास जवळजवळ तीन मीटर मार्ग खर्ची पडतो. चढ याहून तीव्र केल्यास छोट्या इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागतात.

इंजिनास वीज रुळांतूनच मिळते. पारंपरिक पद्धतीत १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह सोडला जातो आणि व्होल्टेज कमी-अधिक करून वेग बदलतात. एकाच रुळावर दोन इंजिने असतील, तर या पद्धतीत दोन्ही एकदमच धावतात. ती वेगळी ठेवण्यासाठी मार्गाचे विद्युतदृष्ट्या स्वतंत्र विभाग पाडावे लागतात. १९९० च्या दशकात मानके ठरलेल्या 'डिजिटल कमांड कंट्रोल' पद्धतीत रुळांत वीज सतत असते आणि तिच्यासोबत संकेत पाठविले जातात. प्रत्येक इंजिनातील डिकोडर आपल्या क्रमांकाचाच आदेश पाळतो. पद्धत कोणतीही असो, रुळांवर धूळ साचली की चाकांपर्यंत वीज पोहोचत नाही. त्यामुळे रूळ पुसणे हे नित्याचे काम ठरते.

मांडणी पूर्ण झाल्यावर छंदाचा दुसरा, अनेकांच्या मते अधिक रंजक भाग सुरू होतो. गाडी नुसती गोल फिरविण्यात लवकरच गोडी उरत नाही. कर्जतची प्रतिकृती असेल, तर घाट चढणाऱ्या गाडीस मागून बँकर इंजिने जोडणे आणि लोणावळ्यास ती सोडविणे हा क्रम पाळता येतो. पुढील व मागील इंजिनांचा वेग जुळला नाही, तर हलके डबे वळणावर रुळांवरून घसरतात. कोणी सांधेवाल्याचे, कोणी स्टेशनमास्तरचे काम पाहतो. अंतर आखूड असल्याने घड्याळही पळविले जाते. पाच मिनिटांचा एक तास धरून वेळापत्रक चालते.

सार्वजनिक मांडण्यांत जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे २००१ मध्ये सुरू झालेले 'मिनिआटूर वुंडरलँड' अग्रगण्य मानले जाते. पुण्यात भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये खुले झाले.

या छंदास भारतात आणखी एक अर्थ आहे. मार्गांचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करण्याची मोहीम १९९२ मध्ये हाती घेण्यात आली आणि मीटरगेजचे जाळे झपाट्याने आटले. मेळघाटातून जाणारी अकोला–खंडवा मीटरगेज वाहतूक २०१७ मध्ये थांबली. याच मार्गावर धुळघाटजवळ चढ सौम्य राखण्यासाठी रूळ वळसा घेऊन स्वतःवरूनच पलीकडे जात असत. जागा कमी आणि उंची गाठायची, हा छांदिष्टापुढचा पेच अभियंत्यांनी तेथे डोंगरात सोडविला होता. विशेष म्हणजे मीटरगेजसाठी लागणारे ११.५ मिलिमीटरचे माप बाजारातील १२ मिलिमीटरच्या रुळांना जवळजवळ जुळते. ब्रॉडगेजला न मिळणारी अचूकता येथे सहज साधते. छायाचित्रात त्या वळशाचा आकार तेवढा टिकेल. गाडी तो कसा चढत असे, हे चालत्या प्रतिकृतीतूनच पुढील पिढीस पाहता येईल.